छातीतली जळजळ आणि श्वासाचा पडदा



काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. अशा प्रदर्शनात काय काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन-तीन ज्वालामुखी, एक पवनचक्की, पाणी गाळण्याचे यंत्र, आणि एका कोपऱ्यात तळ कापलेल्या बाटलीत फुगा बसवून केलेली फुप्फुसाची प्रतिकृती. बाटलीच्या तळाला ताणून बांधलेले रबर खाली ओढले की आतला फुगा फुगतो. हे रबर म्हणजे आपले श्वासपटल.

ती प्रतिकृती नववीतल्या एका मुलाची होती. त्याने सगळे घडाघडा सांगितले. मी गुण टिपून पुढच्या टेबलाकडे निघालो, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? माह्या बाबाले रातच्याला छातीत लय आग होते. कापूस बाजारात हमाली करते ते. एक माणूस हाये, तो बरगडीखाली बोटं घालून दाबून देते, मंग बरं वाट्टे. दर खेपेला पैसे घेते. त्यात काही सायन्स हाये का नुसतंच?"

मी डॉक्टर नाही, अमरावतीला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. खरे सांगायचे तर त्या वेळी मला उत्तर आले नाही. "तुझ्या पत्त्यावर कळवतो," असे सांगून मी वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेले, बडनेरा आले, तरी प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न माझ्याच विषयाचा होता. जळजळ हा दाबाचा आणि झडपेचा प्रश्न आहे. कसा ते पाहू या.

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. उपाशीपोटी जठररसाचा सामू साधारण १.५ ते २ असतो, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षाही तो आंबट. सामूचा आकडा एकाने उतरला की आम्लता दहा पटीने वाढते, हे रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही शिकला असाल. मग २ सामू असलेला रस ७ सामूच्या शुद्ध पाण्यापेक्षा किती पट आम्ल झाला? एक लाख पट. जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा जाड थर असतो, म्हणून ती टिकते. तिच्या वरच्या अन्ननलिकेला मात्र असे कवच नाही. तिथे हा रस चढला की आग होते. आपण तिला 'पित्त झाले' म्हणतो, पण पित्त यकृतात तयार होते. जळजळ बहुधा आम्लाची असते.

हा रस वर चढतो कसा? पाणी आपण होऊन डोंगर चढत नाही. त्याला वर ढकलणारे काहीतरी हवे.

त्या मुलाच्या बाटलीत थोडा बदल करा, म्हणजे उत्तर डोळ्यांना दिसेल. बुचाला एकाऐवजी दोन छिद्रे पाडा. एकीत फुग्याची नळी आहेच. दुसरीत पारदर्शक प्लॅस्टिकची लवचिक नळी बसवा आणि तिचे बाहेरचे टोक खाली वळवून शाई टाकलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवा. सांधे मेणाने नीट बंद करा. हवा गळली तर प्रयोग फसतो, आणि पहिल्या खेपेला तो फसतोच. आता तळाचे रबर खाली ओढा. फुगा फुगेल आणि त्याच वेळी पेल्यातले निळे पाणी नळीत वर चढेल. रबर सोडा, पाणी खाली. आता रबर ओढताना दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती नळी चिमटीत दाबून धरा. फुगा फुगेल, पाणी मात्र जागचे हलणार नाही. ही चिमूट लक्षात ठेवा. पुढे तिचेच काम आहे.

बाटली म्हणजे छाती, पेला म्हणजे जठर, नळी म्हणजे अन्ननलिका. श्वास घेताना श्वासपटल खाली जाते, छातीची पोकळी मोठी होते आणि तिथला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. प्रत्यक्ष शरीरात आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या बाटलीत नाही. श्वासपटल खाली येताना पोटातल्या अवयवांना दाबते, त्यामुळे पोटातला दाब वाढतो. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम.

आता थोडे गणित करू. शांतपणे श्वास घेताना छातीतला दाब वातावरणापेक्षा सुमारे ५ मिलिमीटर पाऱ्याने कमी आणि पोटातला तेवढाच जास्त धरा. फरक १० मिलिमीटर पारा. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून हा फरक पाण्याचा १३.६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरील. मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. म्हणजे मध्ये काही अडसर नसता, तर उभ्या माणसाच्या प्रत्येक श्वासागणिक जठरातला रस निम्म्याहून अधिक अन्ननलिका चढून आला असता! जोराने खोल श्वास घेतला तर हा फरक ३० मिलिमीटरच्याही पुढे जातो. तेवढ्याने किती सेंटिमीटर होतात ते तुम्हीच काढा. आणि आडवे झाल्यावर तर चढायला उंचीच उरत नाही.

मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. (योगाच्या जुन्या ग्रंथांतही हाच आकडा दिलेला आहे.) दिवसातून इतक्या वेळा रस वर ओढला जाण्याची सोय शरीरात आहे, तरी बहुतेकांना जळजळ होत नाही. याचा अर्थ मध्ये अडसर आहे आणि तो चांगला आहे.

अडसर एक नाही, दोन आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला तिच्याच स्नायूंचे तीन-चार सेंटिमीटर लांबीचे वलय असते. ते एरवी आवळलेले राहते आणि घास आला की सैल होते. त्याचा दाब जठरातल्या दाबापेक्षा १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याने जास्त असतो. ही आतली झडप. बाहेरची झडप म्हणजे खुद्द श्वासपटल. या घुमटाकार पडद्यातून रक्तवाहिन्या आणि अन्ननलिका छातीतून पोटात उतरतात. अन्ननलिका जिथून उतरते तिथे पडद्याचे स्नायुतंतू तिच्याभोवती गोफणीच्या दोरीसारखे वेढा घालून मागे मणक्याला जाऊन भिडतात. श्वास घेताना श्वासपटल आकसते, म्हणजे ही गोफणही आवळली जाते.

इथे क्षणभर थांबा आणि या रचनेचे कौतुक करा. रस वर चढण्याचा धोका कधी सर्वांत जास्त? श्वास घेताना. गोफण आवळते कधी? त्याच क्षणी. जो स्नायू रसाला वर ओढणारा दाब निर्माण करतो, तोच नळी चिमटीत धरतो. हातपंपाचा दांडा आणि झडप निरनिराळी असतात, आणि वायसर झिजला की दुरुस्तीला माणूस बोलवावा लागतो. इथे दांडा आणि झडप एकच आहेत. मी गेली वीस वर्षे दाब शिकवतो, पण इतके सुबक उदाहरण माझ्या क्रमिक पुस्तकात नव्हते.

मग बिघडते कुठे? काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो. मग आतले वलय एकीकडे आणि गोफण दुसरीकडे अशी फारकत होते आणि दोघांची एकत्र पकड जाते. काहींचे वलयच ढिले असते. पण बहुतेकांच्या बाबतीत दोष असतो अवेळी उघडण्याचा. जठरात वायू साठून त्याचा वरचा भाग ताणला गेला की दोन्ही झडपा काही क्षण एकदम सैल होतात. ढेकर यावी म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. ती दहा सेकंदांहूनही अधिक टिकते आणि ढेकरेबरोबर रस येतो. सावजीचा रस्सा किंवा ठेचा-भाकर पोटभर खाऊन लगेच अंथरुणावर पडलात तर काय होईल, हे आता मी सांगायला नको. शेगावची कचोरी मलाही आवडते, पण रात्री दहाला नाही.

आपल्याकडे जळजळीवर खायचा सोडा घेण्याची पद्धत आहे. त्याचाही हिशेब पाहा. सोड्याची आम्लाशी क्रिया होऊन मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पुरेसे आम्ल असेल तर एक ग्रॅम सोड्यापासून सुमारे ३०० मिलिलिटर वायू निघतो. आग शमते, हे खरे. पण त्या वायूने जठर फुगते, ढेकर येते आणि झडपा पुन्हा उघडतात.

त्या मुलाच्या वडिलांचे काम आठवा. पोती उचलताना पोटातला दाब कितीतरी वाढतो. जोराने खोकतानाही तो १०० मिलिमीटर पाऱ्यावर जाऊ शकतो. त्यात कमरेला कापड किंवा पट्टा करकचून बांधलेला. ग्लासगोच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या कमरेला पट्टा आवळून मोजमापे घेतली. त्यांचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्याने जठरातला दाब वाढतो आणि रस वर सरकतो, असे त्यांना आढळले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बरगडीखाली बोटे घालून दाबण्याने काही होते का?

पोटाच्या आतला दाब मोजायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. लहानपणी आम्ही मुले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जात असू. ही संस्था १९१४ सालची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तिथे एक पैलवान नौली करून दाखवीत. श्वास पूर्ण सोडून पोट पाठीला लावायचे आणि मग पोटाचे मधले उभे स्नायू दांड्यासारखे पुढे काढून फिरवायचे. आम्ही तोंडात बोटे घालून पाहत असू. हे करताना आत काय होते, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

तो पडला होता जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद यांना. अंमळनेरला शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांनी उड्डियान आणि नौली क्षकिरणांखाली पाहिली. मोठ्या आतड्यात नळी ठेवून तिचे दुसरे टोक दाबमापकाला जोडले, आणि नौलीच्या वेळी आतला दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो हे पाऱ्यावर दाखवून दिले. नौलीत आतड्यात पाणी ओढले जाते ते या निर्वातामुळे. आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी त्याला 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो दाबमापक. नौलीवर श्रद्धा असलेल्या माणसाने ती पाऱ्यापुढे उभी केली! (हे वाचून घरी नौली करू नका. ती गुरूसमोर शिकायची गोष्ट आहे.)

हाताने श्वासपटलावर उपचार करणारे प्रशिक्षित लोक आज जगात अनेक ठिकाणी आहेत. रुग्ण उताणा झोपतो. उपचार करणारा दोन्ही बाजूंच्या शेवटच्या बरगड्यांच्या काठाखाली बोटे लावतो, श्वास सोडताना ती हळूहळू आत जाऊ देतो आणि श्वास घेताना बरगड्या किंचित वर उचलून धरतो. श्वासपटल प्रत्यक्ष बोटांना लागत नाही, मध्ये त्वचा आणि पोटाचे स्नायू असतात. पण त्याची कड खालच्या बरगड्यांनाच जोडलेली असल्याने ओढ तिथपर्यंत पोचणे अशक्य नाही.

पोचते की नाही हे मोजायचे कसे? 'बरे वाटले' एवढ्यावर थांबता येत नाही. कोणी आपुलकीने अर्धा तास आपल्याजवळ बसून पोटावर हात ठेवला की कोणालाही बरे वाटते. तुमच्या आजीने पोट चोळले की तुम्हालाही वाटतेच. म्हणून खरा उपचार आणि खोटा उपचार यांची तुलना करावी लागते. खोट्यात हात त्याच जागी, तेवढाच वेळ, पण दाब नाही. आणि आपल्याला कोणता मिळाला हे रुग्णाला ठाऊक नसते. ब्राझीलमध्ये ३८ रुग्णांवर असा प्रयोग झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. नाकावाटे बारीक नळी अन्ननलिकेत सोडून त्यांनी खालच्या झडपेचा दाब उपचारापूर्वी आणि उपचारानंतर लगेच मोजला. खऱ्या उपचाराच्या गटात तो ९ ते २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर 'नुसतंच' असे नाही. पण उड्या मारण्याइतकेही ते पक्के नाही. ३८ माणसे ही संख्या लहान आहे. मापन उपचारानंतर लगेचचे आहे, महिन्यानंतरचे नाही. आणि झडपेचा दाब वाढणे व रात्रीची जळजळ कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झडप अवेळी सैल होत असेल तर एरवीची तिची पकड कितीही चांगली असून उपयोग मर्यादितच.

मला अधिक पटला तो दुसरा प्रयोग. ऑस्ट्रियातील ग्राट्सच्या डॉक्टरांनी असा विचार केला की गोफण हा आपल्या इच्छेने चालवता येणारा स्नायू आहे, तेव्हा दंड-बैठकांनी दंड-मांड्या कमावतात तसा तोही कमावता येईल. त्यांनी १९ रुग्ण घेतले. काहींना चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा सराव दिला, बाकीच्यांना नाही. अन्ननलिकेत सामू मोजणारी नळी ठेवून, दिवसाचा किती वेळ तिथला सामू ४ च्या खाली जातो ते पाहिले. सराव केलेल्या गटात हे प्रमाण ९.१ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आले. २४ तासांच्या मिनिटांत मांडा: सुमारे १३१ मिनिटांवरून ६८ मिनिटे. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. १९ ही संख्याही लहानच, पण इथे मोजले गेले ते प्रत्यक्ष आम्ल. शिवाय या उपायाला दर खेपेला पैसे पडत नाहीत.

हा श्वास कसा घ्यायचा? उताणे झोपून गुडघे वाकवा. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. पहिल्या दिवशी बहुतेकांचे उलटेच होते. पोटावर हाताऐवजी क्रमिक पुस्तक ठेवले की चूक चटकन दिसते. जेवल्यावर लगेच हे करू नका.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेतले एक परिचर, वय पन्नाशीचे. एका सकाळी छातीत जळजळ होते म्हणाले. सोडा घेतला, ढेकर आली, बरे वाटले. दुपारी पुन्हा सुरू झाले तेव्हा शेजाऱ्याकडून पोट चोळून घेतले. दरदरून घाम सुटला होता आणि डावा खांदा भरून आला होता, पण 'पित्तच आहे' असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. त्यात मीही होतो. संध्याकाळी रुग्णालयात नेले तेव्हा तो हृदयविकाराचा झटका निघाला. ते वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा गेला. आता ते दोन जिने चढू शकत नाहीत. हृदय श्वासपटलाच्या अगदी वर टेकलेले असते. त्याचे दुखणे आणि अन्ननलिकेचे दुखणे मेंदूला सहज वेगळे ओळखता येत नाही. म्हणून छातीतल्या जळजळीबरोबर घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर सोडा नाही, चोळणे नाही, थेट रुग्णालय. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौचास काळे होत असेल, तरी डॉक्टरांनाच दाखवायचे. घरात हे ओळखणारे तुम्ही एकटेच असाल, असेही होऊ शकते.

मी त्या मुलाला पत्र लिहिले. बाबांना आधी सरकारी दवाखान्यात दाखव, म्हणून सांगितले. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. त्याशिवाय मी कळवले ते असे: रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंची (नुसत्या जास्त उशा नकोत, त्यांनी माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब येतो), झोपताना डावी कूस, कारण जठराचा फुगीर भाग डावीकडे असल्याने त्या कुशीवर झडप रसाच्या पातळीच्या वर राहते, काम संपले की कमरेचा पट्टा सैल, आणि पुस्तक ठेवून श्वासाचा सराव. शिवाय एक वही कर म्हणालो. रोज सकाळी बाबांना विचारायचे आणि जळजळीने जाग आली का ते हो किंवा नाही असे लिहायचे.

दोन महिन्यांनी त्याचे उत्तर आले, वहीची पाने जोडून. सुरुवातीच्या पानांवर 'हो' भरपूर, नंतर विरळ होत गेलेले. शेवटच्या आठवड्यात एकच, तेही लग्नाच्या पंगतीच्या रात्रीचे. खाली त्याने लिहिले होते, "सर, श्वासानेच झाले ना?" मी पुन्हा अडचणीत आलो. गोळ्या, विटा, जेवणाची वेळ, पट्टा आणि श्वास हे सगळे एकाच दिवशी सुरू केले होते. कशाने झाले हे त्या वहीवरून सांगता येत नाही, असे मी त्याला कळवले. एकेक गोष्ट पंधरा दिवस थांबवून पाहता येईल, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, असेही लिहिले.

त्याने विटांपासून सुरुवात केली आहे. त्याचे वडील मात्र अजूनही कधीमधी पोट दाबून घेतात. तो माणूस त्यांचा जुना मित्र निघाला, आणि आता पैसे घेत नाही.